सॉफ्टवेअरने आधीच ठरवलेलं

'फ्लो' या लातव्हियाच्या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं आणि बातम्यांनी एकच गोष्ट उचलून धरली: हा चित्रपट ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर बनला. स्पर्धेत पिक्सारचा 'इनसाइड आउट २' होता, त्यामुळे बातमीला चव आली. मला मात्र दिग्दर्शक गिंट्स झिलबालोदिस यांची दुसरीच निवड महत्त्वाची वाटते. ब्लेंडरमध्ये सायकल्स नावाचं रेंडर इंजिन आहे. प्रकाशाचा किरण कुठे आपटला, तिथून कुठे वळला याचा ते माग काढतं आणि खऱ्याच्या जवळ जाणारं चित्र देतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि ईव्ही घेतलं. ईव्ही हा सगळा हिशोब व्हिडिओ गेमसारखा झटपट उरकतं. स्टोरीबोर्ड त्यांनी काढलाच नाही. आधी जागा उभी केली आणि आभासी कॅमेरा घेऊन तिच्यात हिंडत चौकटी शोधल्या. असं काम करणाऱ्याला फ्रेम लगेच दिसावी लागते. चित्रपटाच्या नायक मांजराची फर जवळून पाहिली तर ढोबळ आहे, रंगाचे पट्टे ओढल्यासारखी. पण ते दबकतं, बिचकतं, पाण्याशी येऊन थबकतं तेव्हा ते जिवंत आहे याबद्दल शंका उरत नाही. ती हालचाल मोशन कॅप्चरने उचललेली नाही, ॲनिमेटरांनी हाताने एकेक पोझ (कीफ्रेम) लावून केलेली आहे.

थ्रीडी सॉफ्टवेअरची चर्चा होते ती वैशिष्ट्यांच्या याद्यांवरून. नव्या आवृत्तीत केस आले, कापड आलं, धूर आला. नवी फाइल उघडताक्षणी सॉफ्टवेअरने काय काय परस्पर ठरवून ठेवलेलं असतं, हे मात्र कुठल्याच यादीत नसतं. गेल्या तीस वर्षांतल्या थ्रीडी चित्रपटांचं रूप त्या परस्पर ठरलेल्या गोष्टींनी जितकं घडवलं, तितकं फार थोड्या दिग्दर्शकांनी घडवलं असेल.

'टॉय स्टोरी'त (१९९५) नायक खेळणी का होती, याचं अर्धं उत्तर त्या काळच्या साधनांत आहे. संगणकाला तेव्हा गुळगुळीत प्लास्टिक छान जमत होतं. त्याच चित्रपटातली माणसं आज पाहवत नाहीत, कुत्रा तर अजिबातच नाही. ओबडधोबड जाळीतून सलग, मऊ पृष्ठभाग काढण्याचं गणित एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. पिक्सारने ते माणसाच्या कातडीसाठी कसाला लावलं १९९७ मध्ये, 'गेरीज गेम' या लघुपटात. बागेत स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा त्यातून जन्मला. पुढे 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या सलीच्या अंगावर २३ लाखांवर केस आले, मग 'फाइंडिंग नीमो'त समुद्र आला. साधन तयार झालं की विषय सुचतो, हा क्रम इतका नियमित आहे की कथाविभाग नेमका कुठे बसत असेल असा प्रश्न पडावा.

मॉडेलिंगची, म्हणजे आकार घडवण्याची, बाजू आता जवळपास सुटलेली आहे. झीब्रशमध्ये मूर्तिकारासारखं मन मानेल तसं चेपा, ओढा, खरवडा. नंतर त्यावर चौकोनांची शिस्तशीर जाळी चढवायची, म्हणजे रिटोपो करायचं. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती एज लूप (जाळीतल्या कडांची वलयं) नीट फिरले नाहीत तर चेहरा हसताना चुरगळतो. काम कंटाळवाणं आहे, पण नियम माहीत आहेत. ह्युडिनीसारखं सॉफ्टवेअर तर वस्तू बनवायला लावतच नाही, वस्तू बनवण्याची कृती लिहून घेतं. एक आकडा बदला, अख्खं शहर बदलतं. २०२१ पासून ब्लेंडरमध्येही त्याच कामासाठी जिऑमेट्री नोड्स आहेत. पूर आणि स्फोट यांना आता तोटा नाही.

अडतं ते हालचालीपाशी. ॲनिमेटर दोन पोझ देतो, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं. ब्लेंडर त्यासाठी आपण होऊन बेझिए वक्र घालतं: सावकाश सुरुवात, सावकाश शेवट. हात उचलला, मान वळली, पाऊल पडलं, सगळं त्याच लोण्यासारख्या गतीने. स्टुडिओत अशा शॉटला 'फ्लोटी' म्हणतात, कारण पात्राला वजन राहत नाही. जाणते ॲनिमेटर म्हणूनच ब्लॉकिंग, म्हणजे पोझची कच्ची मांडणी, स्टेप्डमध्ये, म्हणजे मधल्या फ्रेम न भरता करतात. पोझ तुटक दिसू देतात आणि वेळ मनासारखी बसल्यावरच स्प्लाइनला, म्हणजे सलग वक्राला, हात घालतात. डिस्नेच्या हाताने काढलेल्या ॲनिमेशनची तत्त्वं संगणकालाही लागू आहेत, हे जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या निबंधात सांगून ठेवलं. तरीही दूरदर्शन मालिकांपासून जाहिरातींपर्यंत तो लोण्यासारखा वक्र सर्रास दिसतो, कारण तो विनाश्रम मिळतो.

'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने (२०१८) ही परस्पर ठरलेली गती मोडून काढली. बरीच हालचाल 'ऑन टूज' ठेवली, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी बाराच पोझ. नवखा माइल्स बाराने हलतो, सराईत पीटर चोवीसने. दोघे एकत्र झेपावतात तेव्हा शिकाऊपणा आपोआप दिसतो. मोशन ब्लर काढून टाकला, चेहऱ्यांवर रेषा चढवल्या. त्यानंतर सगळ्यांनीच रेषा चढवायला घेतल्या आणि बंडाचंही पाच-सात वर्षांत बटण झालं. ते असो.

मालकीचा प्रश्नही कलेचाच आहे. 'जुरासिक पार्क'चे डायनासोर ज्यावर हलले ते सॉफ्टइमेज हे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट, मग ॲव्हिड, मग २००८ मध्ये ऑटोडेस्क असं हिंडलं आणि २०१४ मध्ये ऑटोडेस्कने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. माया आणि थ्रीडीएस मॅक्स ही थ्रीडी सॉफ्टवेअरंही त्याच कंपनीकडे. २०१६ पासून कायमचा परवाना विकत मिळत नाही, भाडं भरत राहायचं. उलट ब्लेंडरची मूळ कंपनी बुडाली तेव्हा ब्लेंडरचे जनक टोन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीतून सुमारे सात आठवड्यांत एक लाख युरो उभे केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्याचा कोड खुला झाला. ब्लेंडरची ओळख आजही 'फुकट' या शब्दात संपते, हे दुर्दैव. हातातलं साधन उद्या कोणी काढून घेणार नाही, हा भरवसा वीस वर्षं हात घडवू पाहणाऱ्याला किमतीहून मोठा असतो.

आपल्याकडे या साधनांचा तुटवडा कधीच नव्हता. 'कोचाडैयान'मध्ये (२०१४) मोशन कॅप्चर होतं, रजनीकांत होते. पडद्यावर रजनीकांतांचा झटका तेवढा पोचला नाही. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्समध्ये घडलेला 'दिल्ली सफारी' (२०१२) दिसायला साधा, पण त्यातल्या प्राण्यांना निदान स्वभाव आहेत आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबई-पुण्यातल्या शिकवणी वर्गांच्या पाट्या पाहा: माया, मॅक्स, ह्युडिनी, झीब्रश, सॉफ्टवेअरांची नुसती नामावळी. बाहेर पडलेली मुलं पुढे परदेशी चित्रपटांचं रोटो (आकृती कापून वेगळी करणं) आणि मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल जुळवणं) करतात. त्यांच्या वाट्याला सॉफ्टवेअरची एखादीच खिडकी येते. व्हिज्युअल इफेक्ट्सचा टेक्निकलर समूह फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला तेव्हा बंगळुरूच्या कितीतरी कलाकारांना ती एक खिडकी पुरत नाही हे एका फटक्यात कळलं. चालण्याचं निरीक्षण, अभिनय, साधं चित्र काढणं यांना त्या अभ्यासक्रमांत जागा असलीच तर पहिल्या महिन्यापुरती.

ब्लेंडरच्या ४.४ आवृत्तीत स्लॉटेड ॲक्शन्स आल्या. अनेक वस्तूंची हालचाल आता एकाच ॲक्शनमध्ये ठेवता येते. सोय चांगली आहे, पण ती कपाट लावण्याची सोय झाली. दोन पोझच्या मध्ये मात्र अजून तोच बेझिए वक्र येऊन बसतो, आणि प्रेफरन्सेसच्या पानावर जाऊन तो बदलता येतो हे बहुतेक शिकाऊ ॲनिमेटरांना कोणी सांगितलेलं नसतं.