भूतलेणी, जुन्नर

पुणे जिल्ह्यातील जुन्नरनजीकच्या मानमोडी डोंगरातील एक बौद्ध लेणीसमूह. या डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका व भूतलिंग असे तीन समूह असून त्यांपैकी शेवटचा भूतलेणी या नावाने ओळखला जातो. जुन्नर परिसरातील लेण्यांत मूर्तिकाम अत्यल्प आहे. त्यामुळे येथील अपूर्ण चैत्यगृहाचे दर्शनी अंग तेथील लोकदेवतांच्या व अलौकिक आकृतींच्या अंकनासाठी महत्त्वाचे ठरते. ते सामान्यतः इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील मानले जाते.

प्रवेशद्वारावरील अर्धवर्तुळ कमळाच्या पाकळ्यांसारखे विभागलेले आहे. मधल्या पाकळीत कमळावर उभी असलेली श्री, लगतच्या पाकळ्यांत तिला अभिषेक करणारे हत्ती व त्यांपलीकडे हात जोडलेले स्त्रीपुरुष आहेत. वरच्या भागात कमानीच्या एका अंगास नागफणा धारण केलेली, तर दुसऱ्या अंगास पंख असलेली मानवाकृती दिसते. या दोन आकृती अनुक्रमे नाग व गरुड यांच्या होत. हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाचे दान असल्याचे तेथील ब्राह्मी लेखावरून कळते.

शिल्पगुणांच्या दृष्टीने हे काम असमान आहे. पाकळ्यांच्या चौकटींमुळे आकृती आखडल्यासारख्या वाटतात आणि कार्ले येथील दंपतींची भरदार शरीरघडण त्यांत नाही. रचनेमागील कल्पना मात्र असामान्य आहे. परंपरेने हाडवैरी मानले गेलेले नाग व गरुड येथे समान मानाने समोरासमोर उभे आहेत. भाजे येथील सूर्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवतेच्या रथाखाली विरूप आकृती दडपल्या गेल्या आहेत. येथे कोणीही पराभूत नाही. बौद्ध शिल्पकाराने जुन्या लोकदेवतांना हद्दपार न करता दाराशी स्थान दिले.

अलौकिकाकडे पाहण्याची याहून वेगळी दृष्टी जपानी काष्ठठसा चित्रांत आढळते. होकुसाईच्या (१७६०–१८४९) भूतकथाविषयक चित्रांत ओइवा या पीडित स्त्रीचे मुख फाटक्या कंदिलातून प्रकटते. तेथे भय हाच रसाचा गाभा असून, छापील प्रतींमुळे ते नगरवासीयांच्या करमणुकीचा विषय झाले. भूतलेण्यांत, नावात ‘भूत’ असूनही, भयाला थारा नाही.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महादेव कोळी समाजात पूजिल्या जाणाऱ्या वाघोबाचा या शिल्पांशी थेट संबंध जोडता येत नाही. तथापि ज्याचे भय वाटते त्याला ठाणे देऊन शेजारी करून घेण्याची वृत्ती दोहोंत समान आहे. भूतलेण्यांचे खरे मोल कोरीव कौशल्यापेक्षा या समावेशक दृष्टीत आहे.