खलपात्रांची वाणी : दोन अमेरिकन कादंबऱ्या

कादंबरीतील गुन्हेगारी जगाचा विचार करताना टीकाकारांचे लक्ष बहुधा पात्रांच्या कृतींकडे जाते. त्यांच्या वाणीकडे क्वचितच जाते. वस्तुतः लेखकाने कोणाचा उच्चार अक्षरांत उमटविला आणि कोणाचा उमटविला नाही, यावरून त्या कृतीत दोषाची वाटणी कशी झाली आहे हे पुष्कळदा कळून येते. मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ (इंग्लंड १८८४, अमेरिका १८८५) आणि एफ. स्कॉट फिट्झजेरल्डची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ (१९२५) या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

ट्वेनच्या कादंबरीतील ‘ड्यूक’ व ‘किंग’ हे दोन भामटे मिसिसिपीकाठच्या गावांतून लोकांना लुबाडीत हिंडतात. त्यांची भाषा अशुद्ध आहे. परंतु केवळ अशुद्धता ही त्यांची खूण ठरत नाही. निवेदक हक स्वतःच बोलीत कथा सांगतो, आणि अनेक बोली जाणीवपूर्वक योजल्याचे लेखकाने आरंभीच नमूद केले आहे. (जिमच्या बोलीच्या लेखनाचा प्रश्न अर्थातच स्वतंत्र व अधिक नाजूक आहे.) विल्क्स कुटुंबाच्या प्रकरणात किंग हा मृताचा इंग्लंडहून आलेला भाऊ असल्याची बतावणी करतो. एक शब्द चुकल्यावर त्याचे समर्थन करण्यासाठी तो ग्रीक आणि हिब्रू व्युत्पत्तीही रचतो. गावचा डॉक्टर त्याची इंग्रजी ढब ऐकताच ती नक्कल असल्याचे सांगतो. पण शोकाने भारावलेला गाव त्याचे ऐकत नाही. येथे उच्चार हा सोंगाचा पुरावा आहे, जन्माचा नव्हे. आणि न ऐकणारा समाजही दोषाचा वाटेकरी आहे.

फिट्झजेरल्डच्या कादंबरीतील व्यवस्था याहून निराळी आहे. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या दारूबंदीने निर्माण केलेल्या चोरट्या व्यापाराची तिला पार्श्वभूमी आहे. मायर वुल्फशीम हा त्या जगाचा प्रतिनिधी. १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपद मालिकेचा निकाल त्यानेच फिरविला, असे गॅट्स्बी सांगतो. त्याच्या मनगटावर मानवी दाढांची बटणे आहेत. ‘कनेक्शन’ आणि ‘ऑक्सफर्ड’ या त्याच्या शब्दांत अघोष ‘क’चा घोष ‘ग’ होतो, आणि हा बदल वर्णलेखनातून मुद्दाम दाखविला जातो. तो ज्यू असल्याचे तर निवेदक निक प्रथमच सांगतो. या पात्राचा आदर्श मानला जाणारा अर्नोल्ड रॉथस्टीन हा न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला, एका सधन व्यापाऱ्याचा मुलगा होता. तेव्हा परकेपणाचा हा ध्वनी चरित्रातून आपोआप आलेला नसून लेखकाने निवडलेला आहे, असे म्हणणे भाग पडते.

याच कादंबरीतील खरा वाचिक तोतया मात्र गॅट्स्बी आहे. नॉर्थ डाकोटातील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा उमरावी संबोधने व घोटीव वाक्ये कमावतो. त्याचे बोलणे हास्यास्पदतेच्या काठावर असल्याचे निकलाही जाणवते. प्लाझा हॉटेलातील कलहात टॉम ब्युकॅनन दारूच्या व्यापाराचा आरोप करण्यापूर्वी त्या संबोधनावरच आक्षेप घेतो. पण गॅट्स्बीचे शब्द प्रमाण लेखनातच राहतात. वंशश्रेष्ठत्वाची मते मांडणाऱ्या टॉमचे शब्दही तसेच. अंत्यविधीस वुल्फशीम येत नाही. टॉम आणि डेझी तर गाव सोडून गेलेले असतात. कृती सारखीच, पण विकृत वर्णलेखन एकाच्याच वाट्याला आले आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की हा कान लेखकाचा नसून निकचा आहे. आक्षेपात तथ्य आहे : वुल्फशीमचा तो विकृत शब्द पुढे निकच्या निवेदनातही शिरतो, आणि अखेरच्या भेटीत तो शब्द पुन्हा ऐकू येईल अशी त्याची अपेक्षा असते. तथापि ट्वेनने हकच्या कथनात डॉक्टरचा दुसरा कान ठेवला आहे. निकच्या ऐकण्याची पारख करणारे असे कोणी फिट्झजेरल्डने ठेवलेले नाही. परिणामी, प्रतिष्ठितांच्या संमतीने चालणारा गुन्हा वाचकाला एका परक्या उच्चारात साठलेला भासतो. कादंबरीचा कथाभाग ज्या प्रतिष्ठेवर आरोप ठेवतो, तिलाच तिचे वर्णलेखन निर्दोष सोडते. या कृतीच्या थोरवीबद्दल बोलताना ही विसंगती दृष्टीआड करता येणार नाही.