पेशीपटलाची तरलता आणि एक आकारांक

एकमेकींना चिकटून असलेल्या पेशींचे पटल कधी घन पदार्थाप्रमाणे आपला आकार राखते, तर कधी द्रवासारखे वाहू लागते. या अवस्थांतराची जी संगणकीय प्रतिमाने पुढे आली, त्यांत दापेंग बी, लिसा मॅनिंग व त्यांचे सहकारी यांचे २०१५ मधील शिरोबिंदू-प्रतिमान विशेष चर्चिले गेले. आणि पुष्कळदा अविचाराने वापरलेही गेले.

त्याची मांडणी साधी आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक बहुभुज. त्याला एक इष्ट क्षेत्रफळ व एक इष्ट परिमिती असून त्यांपासून ढळल्यास ऊर्जा खर्ची पडते. इष्ट परिमितीस क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागले असता येतो तो आकारांक. तो ३.८१ हून कमी असता शेजार बदलण्यासाठी पेशींना ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. त्याहून अधिक असता तो उंबरठाच नाहीसा होतो. सुसम पंचकोनाचा अंकही जवळजवळ हाच, ही गोष्ट कुतूहलाची खरी. पण तिच्यावर फार इमले रचू नयेत. खरे मर्म निराळे आहे. वाळूचे कण दाटीने अडतात; येथे मोकळी जागा मुळीच नाही, दाटी बदलत नाही, तरीही पटल वितळते. इतकेच नव्हे, तर पेशींमधील चिकटपणा वाढला की ते अधिक तरल होते, असा समजुतीच्या उलट निष्कर्ष निघतो. मात्र या समीकरणात चिकटपणा केवळ कडेवरील ताण कमी करतो; सुटताना होणारा विरोध त्यात कोठेच नाही, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षी श्वासनलिकेच्या पेशीपटलांवरील प्रयोगांत या अंकास आधार मिळाला. दमेकऱ्यांकडून मिळालेल्या पेशींची पटले स्थिर होण्यास अधिक काळ घेत. घोटाळा सुरू झाला तो येथूनच. प्रतिमानातील अंक इष्ट परिमितीचा, तर सूक्ष्मदर्शकातून मोजला जातो तो प्रत्यक्ष परिमितीचा; घनावस्थेत हे दोन एक नसतात. फळमाशीच्या भ्रूणावरील २०२० च्या अभ्यासात तर पेशींची एका दिशेने झालेली मांडणी व एका शिरोबिंदूत मिळणाऱ्या पेशींची संख्या हिशेबात घेतल्यावाचून प्रवाहाचे भाकीत जुळले नाही. तरीही केवळ स्थिर छायाचित्रावरून पटल तरल ठरविण्याचा मोह अभ्यासकांना आवरत नाही.

सस्मन व मर्केल यांचा २०१८ मधील आक्षेप अधिक मूलगामी आहे. ऊर्जासमीकरण तेच ठेवून शिरोबिंदूंऐवजी पेशींची केंद्रे चल मानिली, तर द्विमितीत शून्य तापमानास हे संक्रमण उरतच नाही. त्याच वर्षी मोंगेरा प्रभृतींनी झेब्रा माशाच्या भ्रूणात दाखविले, की शेपटीकडील तरल ऊतकात पेशींमध्ये पोकळ्या असतात, आणि त्या आक्रसतात तसे ते घट्ट होत जाते. म्हणजे तेथे दाटी पुन्हा उपस्थित होते, आणि सर्व जागा पेशींनी व्यापलेली आहे हे प्रतिमानाचे पहिलेच गृहीत लागू पडत नाही.