मुखडा पोचला, नाममुद्रा गळाली

आंबेडकरी गायनपरंपरेविषयी आपल्याकडे जे लेखन झाले, ते मुख्यतः जलसा, शाहिरी आणि कव्वालीचे सामने यांच्यापाशी थांबते. गेल्या काही वर्षांत ही परंपरा एका नव्या जागी जाऊन उभी राहिली आहे आणि त्या जागेची समीक्षा आपण अद्याप गंभीरपणे हाती घेतलेली नाही. ती जागा म्हणजे मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ. पोरे त्याला रील म्हणतात. मी कोल्हापूरजवळच्या कळंब्यात राहतो. बाहेरच्यांना कळंबा म्हटले की मध्यवर्ती कारागृह आठवते, नाही तर तलाव. त्या तलावाच्या बांधावर हलगी, ढोलकी आणि मोबाइल घेऊन बसलेली मुले मला दिसतात. गाण्याच्या चालीइतकीच त्यांना एका प्रश्नाची चिंता असते : फॉलोअर्स कसे वाढवायचे? या प्रश्नाला नाक मुरडण्याचे कारण नाही. श्रोता मिळवणे ही कलावंताची पहिली गरज आहे आणि आपल्या कलावंताला तो कधीच सहजासहजी मिळालेला नाही.

इतिहास आठवून पाहावा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्यासाठी याच कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. परंतु त्या पत्राची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'ने छापली नाही. वाचकापर्यंत जाणारा दरवाजा कोणाच्या हाती होता, हे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यांनी कोणत्याही संपादकाची परवानगी मागितली नाही. चावडीपुढे, वस्तीत, कंदिलाच्या उजेडात त्यांनी आपला श्रोता स्वतः जमवला.

छोट्या व्हिडिओने हेच काम वेगळ्या रीतीने केले, हे मान्य केले पाहिजे. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या कडूबाई खरात महाराष्ट्राला कशा कळल्या? कोणत्या संमेलनाने त्यांना व्यासपीठ दिले नाही, कोणत्या समीक्षकाने त्यांच्यावर लेख लिहिला नाही. मोबाइलवर टिपलेले त्यांचे गाणे हातोहात फिरले आणि मग गावोगावची निमंत्रणे आली. आपल्या प्रस्थापित आणि विद्रोही, दोन्ही प्रकारच्या साहित्यव्यवहाराला या घटनेने विचार करायला लावले पाहिजे होते.

तथापि दरवाजा उघडला म्हणजे दारवान गेला, असे नव्हे. टिकटॉकच्या अंतर्गत सूचना 'द इंटरसेप्ट' या पत्राने मार्च २०२० मध्ये उघड केल्या. कुरूप दिसणाऱ्यांचे आणि मोडकळीस आलेल्या घरांत, झोपडपट्टीत चित्रित झालेले व्हिडिओ नव्या प्रेक्षकांपुढे आणू नयेत, असे त्यांत तपासनिसांना सांगितलेले होते. त्या सूचना आता वापरात नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. पण खुलाशाने मूळ गोष्ट पुसली जात नाही. वस्तीची भिंत मागे दिसते एवढ्यावरून गाणे मागे सारावे, असा नियम कोणीतरी बसून लिहिला होता. हा शिवाशिवीचाच नवा मजकूर नव्हे काय? पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य कलावंतांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. फॉलोअर्सचा आकडा कलावंताच्या नावापुढे दिसतो, पण त्या माणसांना हाक मारण्याची सोय कंपनीच्या हाती असते.

हे सारे बाहेरचे अडथळे झाले. मला अधिक चिंता वाटते ती गीताच्या आतल्या पडझडीची. आंबेडकरी गीताची एक रचना आहे. मुखड्यात बाबासाहेबांचे स्मरण किंवा गौरव असतो. अंतऱ्यांतून वस्तीचे जगणे, शिक्षण, अन्याय, फुटलेली चळवळ यांचा विचार मांडला जातो. अनेक गीतांत शेवटचा अंतरा श्रोत्यालाच काही विचारतो आणि तिथेच कवी आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रा अभंगातून आली, पण आपल्याकडे तिला निराळा अर्थ प्राप्त झाला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. ज्यांच्या पूर्वजांची नावे महारकीच्या हिशेबापलीकडे कुठे नोंदली गेली नाहीत, त्या समाजातील माणूस गीताच्या शेवटी 'वामन' असे स्वतःचे नाव ठेवतो, तेव्हा तो आपला हक्क नोंदवीत असतो.

रील बनवताना काय होते? पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट थांबले नाही, तर पाहणारा पुढे सरकतो. म्हणून सर्वांत जोरकस तेवढेच घेतले जाते, म्हणजे मुखडा. अंतरे कापले जातात आणि त्यांच्यासोबत नाममुद्राही जाते. शिल्लक राहतो तो जयजयकार. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविषयी देशाला इशारा दिला होता. त्याच बाबासाहेबांवरचे गीत विचार गाळून केवळ पूजेपुरते उरावे, हा विपर्यास आपल्या हातून घडतो आहे. माझ्या परिचयातील विद्यार्थ्यांना मी एखाद्या गाजलेल्या भीमगीताचा कवी विचारतो, तेव्हा बहुतेक जण गायकाचे नाव सांगतात. काही जण तर ज्या खात्यावर ते पाहिले त्या खात्याचे.

यात त्यांचा दोष थोडा, यंत्रणेचा अधिक. इन्स्टाग्रामवर कोणी स्वतःच्या आवाजाचा तुकडा टाकला की त्याला 'ओरिजिनल ऑडिओ' अशी चिठ्ठी लागते आणि नाव येते ते टाकणाऱ्या खात्याचे. कवीची मुद्रा गळते आणि खात्याची मुद्रा आपोआप उमटते. तमिळ कवी-गायक अरिवू यांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. मार्च २०२१ मध्ये आलेल्या 'एन्जॉय एन्जामी' या गीताने कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. त्यामागे अरिवू यांच्या आजीची, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या बाईची, आठवण होती. तरीही त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या ऑगस्टच्या मुखपृष्ठावर त्याच्या गायिकेला जागा मिळाली, अरिवूंना नाही. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला. प्रेक्षक वाढला म्हणजे कवीचे नाव वाढते, हा समज इथे खोटा ठरला.

तरुण मित्र म्हणतील, पूर्ण गाणे हल्ली ऐकतो कोण? आक्षेप रास्त आहे, पण त्यातला निम्मा भाग आता उरलेला नाही. यूट्यूबचा शॉर्ट पूर्वी ६० सेकंदांचा असे, ऑक्टोबर २०२४ पासून तो तीन मिनिटांपर्यंत चालतो. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनेही तेवढीच मुभा दिली. तीन मिनिटांत मुखडा, दोन अंतरे आणि नाममुद्रा सहज बसतात. तेवढेही नको असेल, तर मुखड्याऐवजी शेवटचा अंतराच रील म्हणून टाकावा. श्रोत्याला प्रश्न विचारणारी ओळ कमी जोरकस असते, असे कोणी ठरवले? कवीचे नाव पडद्यावर लिहावे, तोंडानेही सांगावे, पूर्ण गीताचा दुवा खाली द्यावा. हे उपकाराचे काम नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क कर्त्याला देते आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे गीताचे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. वामनदादांच्या गीतांबाबत ही मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे.

दुसरे काम प्रेक्षकाला श्रोता करण्याचे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू मोजते. अशा आकड्याला चळवळीने भुलू नये. ज्यांनी गाणे पाहिले त्यांतली किती माणसे पुढच्या कार्यक्रमाला, वाचनालयात, अभ्यासवर्गात आली, हे मोजावे. कलावंताने त्यांच्याशी स्वतःचा संबंध ठेवावा, म्हणजे उद्या एखादे ॲप बंद पडले तरी जलसा बंद पडणार नाही.

आणि समीक्षकांनी रीलला बाजारू म्हणून हिणवणे सोडावे. ज्या चिकित्सेने आपण कवितासंग्रह तपासतो, त्याच चिकित्सेने हे एक मिनिट तपासले पाहिजे : त्यात काय घेतले, काय कापले आणि कोणाचे नाव गेले. बांधावरच्या त्या मुलांना हजारो फॉलोअर्स मिळोत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मात्र त्यांच्यातलाच एखादा उद्या स्वतः गीत लिहील. त्याच्या शेवटच्या अंतऱ्यातले नाव लोकांपर्यंत पोचावे असे वाटत असेल, तर आज वामनदादांचे नाव कापू नये.