नाव आधी, ओळख नंतर

डोणगावच्या (जि. बुलढाणा) शेतात विटकरी रंगाची मेलेली हुमणीची अळी सापडली, तर ती अंधाऱ्या खोलीत न्यावी. डोळे सरावल्यावर मंद उजेड दिसला, तर अळीत हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी आणि त्यांनी आणलेले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू असण्याचा दाट संभव आहे.

तक्रार आहे ती या जिवाणूंच्या नामकरणाबद्दल. 1979 साली त्यांना झेनोऱ्हॅब्डस प्रजातीत घातले, 1993 साली वेगळे काढले. ते योग्यच झाले. हाच जिवाणू प्रयोगशाळेत वाढवताना रूप पालटतो, प्रकाश आणि प्रतिजैविके फार कमी करतो. मग नुसत्या रंगावर आणि चाचण्यांवर विसंबायचे कसे?

पण 1999 साली माणसांच्या जखमांत मिळालेल्या जातीला ‘असिम्बायोटिका’, म्हणजे सहजीवन न करणारी, हे नाव मिळाले. सूत्रकृमी सापडला नव्हता, एवढाच आधार! 2006 साली ऑस्ट्रेलियात तो सापडला. नाव मात्र तेच राहिले. 2018 साली संपूर्ण जनुकसंच ताडून बहुतेक उपजातींना जातीचा दर्जा दिला गेला. त्यातून नाते कळते. जिवाणू कुठे, कोणाबरोबर राहतो हे मातीतच शोधावे लागते. ओलसर मातीच्या डबीत मेणकिड्याच्या अळ्या ठेवून आठवडाभर पाहणे शाळेलाही जमेल. हातमोजे मात्र घालावेत.