‘सुजाता’तली चारू आणि आपल्या खडकलाटच्या सुलोचनादीदी

४ जून २०२३ ला सुलोचना लाटकर मुंबईत वारल्या. त्यानंतर जे लेख आले, त्या बहुतेकांचा सूर एकच होता: पडद्यावरची सोज्वळ, सोशिक, प्रेमळ आई. आपल्या निपाणी भागात त्याला आणखी एक वाक्य जोडलं गेलं, ‘खडकलाटची लेक’. दोन्ही खरं आहे. पण एवढ्यात नटी सापडत नाही, म्हणून हे टिपण.

आधी थोडा हिशेब करू. मी इंजिनिअर, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दीदींचा जन्म ३० जुलै १९२८ चा. १९५९ ला ‘सुजाता’ आला, तेव्हा त्यांनी तिशी नुकती गाठलेली. त्यात त्या नूतन आणि शशिकला यांची आई झाल्या. नूतन त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान आणि शशिकला फक्त चार. त्याच वर्षी ‘दिल देके देखो’मध्ये शम्मी कपूरची आई, अंतर तीन वर्षांचं. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये तर मुलंच आईपेक्षा थोरली: देव आनंद पाच वर्षांनी, प्राण आठ वर्षांनी! देव आनंद तेव्हाही नायकच होता, हेमा मालिनीबरोबर गाणी म्हणत होता. याला आपण ‘आईची भूमिका अजरामर केली’ असं म्हणून मोकळे होतो. त्यातला अन्याय कुणी मोजत नाही.

बरं, ही आई मुंबईत जन्मली असंही नाही. तिची मुळं कोल्हापुरात आहेत. त्या वेळी निपाणी आणि कोल्हापूर यांच्यामध्ये संस्थानची हद्द होती, पण सिनेमाला ती कधी आडवी आली नाही. खेडवळ बोलीची ही मुलगी मास्टर विनायकांकडे गेली आणि पुढे भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडली. सुलोचना हे नाव भालजींनी ठेवलं, लाटकर या आडनावात गाव राहिलं. ‘सासुरवास’, ‘जिवाचा सखा’, ‘मीठभाकर’ ही नायिकेची कामं. (गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओबरोबर ‘मीठभाकर’ही जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला.) मग १९५३ मध्ये शांताराम आठवल्यांचा ‘वहिनींच्या बांगड्या’ आला, य. गो. जोशींच्या कथेवरचा. दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी वहिनी म्हणजे आईच की! दीदी तेव्हा पंचविशीच्या. लोकांना ती वहिनी इतकी भावली की पुढचा रस्ता तिथंच ठरला, असं मला वाटतं.

त्यात ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला. त्यातही दीदी आहेत, पण लोक गेले ते बोर्डावर नाचणाऱ्या जयश्री गडकरांसाठी. पुढं तमाशापटांची रांग लागली आणि घरातल्या नायिकेला पडद्यावर जागाच कमी उरली. हिंदीतली आई ही निवड जेवढी होती, तेवढीच नाइलाजाची गोष्टही असावी. हेही १९५९ चंच साल, बघा.

आता चारूकडे येतो. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’तली ही इंजिनिअरची बायको, त्यामुळे तिच्याकडं माझं जरा जास्तच लक्ष. अस्पृश्य मानलेल्या आईबापांचं अनाथ मूल तिच्या घरात येतं, तिथंच वाढतं. चारू त्या मुलीला हाकलत नाही, छळत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त परक्यांपुढे ओळख करून देताना ती ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. सगळा सिनेमा या ‘सारखी’वर उभा आहे. कजाग बाई रंगवणं सोपं. ललिता पवारांची चारू असती तर प्रेक्षकांनी पहिल्या रिळातच तिला शिव्या घातल्या असत्या आणि स्वतः सुटले असते. दीदींची चारू सुटू देत नाही, कारण ती चांगली बाई आहे. आवाज चढत नाही, चेहऱ्यावरची माया जात नाही आणि तरीही पोरीला ती जवळ घेत नाही. आपल्याकडच्या कितीतरी भल्या घरांत हेच चालायचं. कप वेगळा ठेवायचा, पण चहा अगदी आपुलकीनं द्यायचा.

शेवटी चारूला रक्त लागतं आणि ते सुजाताचंच जुळतं. पटकथेची ही युक्ती मला ढोबळ वाटते. रक्तगटानं जात विरघळत असती तर सरकारी दवाखान्यांनी हे काम कधीच उरकलं असतं. पण हे लिहिणाऱ्याचं अपयश आहे, नटीचं नव्हे.

म्हणून दीदींना ‘प्रेमळ आई’ म्हटलं की मला चारू आठवते. तिची ताकद माया ओतण्यात नाही, राखून ठेवण्यात आहे. हेच बळ वेगळ्या अंगानं भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’तल्या जिजाऊंत दिसतं. तिथं राखलेपणाचा करारीपणा होतो. राजा ठाकूरांच्या ‘एकटी’त मात्र दिग्दर्शकानं रडणं जरा जास्तच मागितलंय, आणि दीदींनीही ते दिलंय. लोकांना तोच सिनेमा जास्त आठवतो.

१९५६ ला खडकलाट म्हैसूर राज्यात गेलं. २००९ चा महाराष्ट्र भूषण दीदींना मिळाला, तेव्हा सीमाभागात त्याचा आनंद वेगळा होता, आणि का नसावा? पण सत्काराच्या भाषणांत आईच्या मायेवर जेवढं बोललं गेलं, तेवढं चारूवर ऐकायला मिळालं नाही. मंडळात कधी त्यांचा एकच सिनेमा दाखवायचा झाला, तर माझं मत ‘सुजाता’ला.