छेद कुठे आहे?

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एक आकडेवारी प्रसिद्ध केली. ई-सिगारेटसंबंधी तेथील विष-नियंत्रण केंद्रांना सप्टेंबर २०१० मध्ये १ दूरध्वनी आला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये २१५ आले. कडक निर्बंध मागणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

पण १ ने भागल्यावर कोणतीही वाढ अक्राळविक्राळच दिसणार! शिवाय मोजले ते दूरध्वनी. बाळाने बाटली चाटली, आईने घाबरून फोन केला, की झाली नोंद. मग बाळाला काही होवो वा न होवो. आणि या काळात ई-सिगारेट किती घरांत शिरली, हा छेद तर मांडलेलाच नाही.

विरोधी बाजू म्हणते, याच काळात साध्या सिगारेटबद्दल महिन्याला ३०१ ते ५१२ दूरध्वनी येत होते. हा युक्तिवादही लंगडाच. साधी सिगारेट ओढणारे कितीतरी अधिक होते. माणशी हिशेब केला तर निष्कर्ष उलटाही निघेल.

खरी मोलाची माहिती मागे पडली : ई-सिगारेटबद्दलचे निम्म्याहून अधिक दूरध्वनी पाच वर्षांखालील मुलांबाबत होते. मुलांना उघडता येऊ नये अशी झाकणे द्रव निकोटिनच्या बाटल्यांना सक्तीची करणारा कायदा जानेवारी २०१६ मध्ये झाला.